कुत्र्यांची देखभाल: काम शिकायचं असेल तर, आणि काम सोपवायचं असेल तर

ग्रूमिंग, बोर्डिंग, डे-केअर, ट्रेनिंग यांपैकी कुठलीही पाटी लावायला आपल्याकडे परीक्षा द्यावी लागत नाही. कायद्याने राखून ठेवलेलं काम एकच, ते पशुवैद्यकाचं. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच उपचार करता येतात. बाकी सगळं क्षेत्र उघडं आहे. त्यामुळे शिकू पाहणाऱ्याला कोणता कोर्स खरा ते कळत नाही, आणि चार दिवस गावाला निघालेल्या मालकाला कोणतं बोर्डिंग बरं ते कळत नाही. दोघांनीही बघायची गोष्ट एकच आहे: कुत्र्याला हात लावणारा माणूस प्रत्यक्ष काय करतो आणि ते का करतो हे त्याला सांगता येतं का. म्हणून हा लेख दोघांसाठी एकत्र लिहिला आहे. शिकणाऱ्यांनी कामाचे तपशील हाताने करून बघण्यासाठी वाचावेत, मालकांनी तेच तपशील समोरच्याला तपासण्यासाठी वापरावेत.

आधी कोणतं काम ते ठरवा

"मला कुत्री आवडतात" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. ही कामं एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. वॉकरला पहाटे उठावं लागतं, पावसाळ्यातही बाहेर पडावं लागतं. बोर्डिंगमध्ये दिवसाचा मोठा भाग धुण्यापुसण्यात जातो, आणि दिवाळी, नाताळ, मे महिना हे तुमच्या सुट्टीचे दिवस राहत नाहीत. ग्रूमरला तासन् तास उभं राहावं लागतं. पाठ, मनगट आणि श्वासात जाणारे केस यांची काळजी पहिल्या महिन्यापासून घ्यावी लागते. ट्रेनरचं निम्मं काम माणसांशी असतं, कारण तासाभराने ट्रेनर निघून जातो आणि घरच्यांनाच पुढे तो सराव चालू ठेवायचा असतो. दवाखान्यातला मदतनीस कुत्र्याला धरणं, साफसफाई, नोंदी, उपकरणं निर्जंतुक करणं हे सगळं पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करतो.

पशुवैद्यक व्हायचं असेल तर बारावीला जीवशास्त्र हवं आणि प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. महाराष्ट्रात नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे आहेत. ज्यांना हा रस्ता शक्य नाही त्यांनी एक मर्यादा आत्ताच लक्षात घ्यावी: इंजेक्शन देणं, गुंगीचं औषध देणं, जखमेला टाके घालणं, अँटिबायोटिक सुचवणं ही ग्रूमरची किंवा बोर्डिंगवाल्याची कामं नाहीत. कुत्रं शांत राहावं म्हणून ग्रूमिंगपूर्वी गोळी देणारी माणसं या धंद्यात आहेत. नाक चपटं असलेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यात अशी गोळी जिवावर बेतू शकते.

कुत्र्याला हात लावण्याआधी

रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. चावण्याआधी घ्यायचे तीन डोस असतात: पहिला दिवस (तो शून्य धरायचा), सातवा दिवस, आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस. हे डोस झालेले असतील तर पुढे कधी चावा बसल्यावर दोनच डोस लागतात, त्या दिवशी आणि तीन दिवसांनी, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) टोचावं लागत नाही. धनुर्वाताची लसही चालू ठेवा. चावा बसला किंवा नख लागून रक्त आलं, तर आधी साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावूनच धुवा, कारण अंदाजाने धुतलं की माणूस दोन मिनिटांत थांबतो. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. नंतर लगेच दवाखाना. कुत्रं लसीकरण झालेलं, घरचं, ओळखीचं असलं तरीही.

कुत्र्याचं अंग वाचायला शिका

हे कौशल्य नसेल तर बाकीची सगळी कौशल्यं धोकादायक ठरतात. शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, एवढ्या माहितीवर काम करणारे सर्वांत जास्त चावे खातात. सैल, संपूर्ण कंबर हलवत येणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी, टोकाशी थरथरणारी शेपूट वेगळी.

चावण्याच्या आधी कुत्रं बहुतेक वेळा बरंच काही सांगून झालेलं असतं. खायला समोर काही नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड दुसरीकडे फिरवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं (मग डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो), कान मागे चिकटवणं, एक पाय उचलून धरणं. त्यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा क्षण: कुत्रं गोठतं. धापा टाकणं थांबतं, तोंड मिटतं, अंग दगडासारखं होतं. हा क्षण सेकंदभराचाच असतो. त्या वेळी हात जिथे असेल तिथून सावकाश काढा, बाजूला वळा, जागा द्या. "बघू या, काही करत नाही" म्हणून हात पुढे नेला की चावा ठरलेला.

गुरगुरण्याबद्दल कधीही ओरडू नका, मारू नका. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. ती शिक्षेने बंद केली की भीती तशीच राहते आणि सूचना नाहीशी होते. असं कुत्रं मग "अचानक चावलं" म्हणून बदनाम होतं.

सरावासाठी दररोज अर्धा तास एखाद्या ओळखीच्या कुत्र्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि आवाज बंद करून, वेग कमी करून बघा. कान, डोळे, तोंड, वजन पुढच्या पायांवर आहे की मागच्या, शेपूट: या क्रमाने लिहून काढा. महिनाभरात जिवंत कुत्र्यासमोरही तुम्हाला या गोष्टी आपोआप दिसायला लागतात.

पट्टा, दार आणि रस्ता

कुत्रं हरवण्याच्या बहुतेक घटना दाराशी होतात. मालक आत येतो, कुरिअरवाला दार उघडतो, आणि नवं, घाबरलेलं कुत्रं पायांमधून निसटतं. म्हणून बोर्डिंगला आणि ग्रूमिंगच्या दुकानाला एकामागोमाग एक अशी दोन दारं हवीत, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून साध्या कॉलरमधून डोकं काढून घेतं. कॉलर आणि मान यांच्यामध्ये फक्त दोन बोटं जायला हवीत, आणि अनोळखी कुत्र्याला हार्नेस व कॉलर दोन्हींना पट्टा लावूनच बाहेर न्यायचं. पट्टा साधा, चार ते सहा फुटांचा. खेचला की लांबणारे पट्टे आपल्या रस्त्यांवर नकोत. दुचाकी येईपर्यंत त्यांना लगाम बसत नाही.

आपल्याकडच्या वॉकरला परदेशी पुस्तकात नसलेली एक गोष्ट शिकावी लागते: गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दीतून जाणं. नवा रस्ता आधी एकट्याने चालून बघा. कुठे किती कुत्री बसतात, कुणाला पिल्लं आहेत, खाऊ घालणारी मंडळी किती वाजता येतात, ते टिपून ठेवा. खाण्याच्या वेळी त्या जागी जाऊ नका. समोरून गल्लीतलं कुत्रं आलं तर सरळ त्याच्या अंगावर न जाता अर्धवर्तुळाने जा, तुमचं कुत्रं पलीकडच्या बाजूला ठेवा, पट्टा आखडू नका, डोळ्यात डोळे घालू नका, आणि पळू नका. पट्टा ताणला की तुमच्या कुत्र्याची छाती पुढे येते, ते ताठ दिसतं, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. एका वेळी एकच कुत्रं न्या. दोन न्यायची तर एका घरातली, एकमेकांच्या सवयीची. तीन-चार पट्टे एका हातात धरणाऱ्याला कुत्रं सोपवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण भांडण झालं तर त्याचा एकही हात मोकळा नसतो.

उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच ते सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर पंजांनाही होत नाही. विदर्भात मे महिन्यात फिरवणं सूर्य वर येण्याआधी उरकावं लागतं. कोकणात आणि मुंबईत पारा कमी दिसला तरी फसू नका: कुत्रं मुख्यतः धापा टाकून, म्हणजे तोंडातली ओल सुकवून अंग थंड करतं, आणि दमट हवेत ती ओल सुकतच नाही.

ग्रूमिंग: क्रम चुकला की काम बिघडतं

नवखा ग्रूमर कुत्रं आलं की थेट नळाखाली नेतो. मोठी चूक इथेच होते. केसांत गुंता असेल आणि त्यावर पाणी पडलं, तर सुकताना तो आवळतो आणि त्याचा घट्ट गठ्ठा होतो. मग ब्रशने सुटत नाही, कातडीला चिकटून कापावा लागतो. क्रम असा ठेवा: आधी संपूर्ण अंग हाताने चाचपणं, मग विंचरणं आणि गुंता सोडवणं, नखं, कान, आंघोळ, पूर्ण सुकवणं, आणि शेवटी कापणी. ओल्या केसांवर कात्री चालवली तर केस सुकल्यावर पायऱ्या दिसतात.

चाचपताना गाठी, जखमा, गोचीड, लाल डाग, दुखरी जागा, सगळं मालकासमोर कागदावर उतरवा. नंतरचे निम्मे वाद याने मिटतात, आणि मालकाला न दिसलेली गाठ तुम्हाला सापडण्याचे प्रसंग खरंच येतात.

विंचरणं वरवरचं करू नका. शित्झूवर स्लिकर (बारीक तारांच्या दातांचा) ब्रश फिरवला की वरचा थर दोन मिनिटांत मऊ दिसतो, खालचा तसाच गुंतलेला राहतो. एका हाताने केस वर धरायचे, कातडी दिसेल अशी भांगासारखी रेघ पाडायची, खालचा पट्टा विंचरायचा, मग बोटभर वर सरकायचं. शेवटी लोखंडी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत अडथळ्याशिवाय गेला तरच ते अंग झालं समजायचं. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि हार्नेसचा पट्टा घासतो तिथे गुंता सर्वांत जास्त असतो. स्लिकरचे दात आधी स्वतःच्या हातावर फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा उठला तर कुत्र्यालाही उठतो, आणि पातळ कातडीवर तो दुसऱ्या दिवशी लाल होऊन दिसतो.

गुंता सर्वांगावर असेल तर सोडवण्याचा हट्ट धरू नका. दोन तास केस ओढत राहणं ही कुत्र्याला यातना आहे. मालकाला स्पष्ट सांगून, लेखी संमती घेऊन केस कमी करा. इथे एक धोका सहसा कुणी सांगत नाही. कानावरचा जुना गठ्ठा काढला की दबलेला रक्तप्रवाह एकदम सुटतो, कुत्रं जोरजोरात कान झटकतं, आणि कानाच्या पाळीत रक्त साचून ती फुग्यासारखी सुजू शकते. असे कान कापल्यावर डोक्याभोवती मऊ पट्टी किंवा सॉक्स सैल बांधून काही तास कान दाबून ठेवतात, आणि मालकाला सूज आली तर दवाखान्यात नेण्याची सूचना देतात.

क्लिपरच्या ब्लेडचे आकडे पाठ हवेत. दहा नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, 7-एफ तीन, 5-एफ सहा, 4-एफ साडेनऊ. आकडा वाढला की केस कमी उरतात, हे उलटं गणित सुरुवातीला चकवतं. पंजांच्या खालची आणि शी-शूच्या जागेची सफाई तसंच चिकटलेल्या गठ्ठ्याखालून जाणं यासाठी दहा नंबर. मोठ्या फटींचे, 'एफ' नसलेले ब्लेड काखेत, कानाच्या कडेला, स्तनाग्रांजवळ चालवू नका. सैल कातडी त्या फटीत शिरते आणि चिरते. ब्लेड सपाट धरा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा, आणि दर काही मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. गरम लागला की बदला. गरम ब्लेडने झालेली जळजळ लगेच दिसत नाही; घरी गेल्यावर कुत्रं चाटून चाटून जखम करतं आणि मालक संध्याकाळी फोन करतो.

हस्की, गोल्डन रिट्रीवर, लॅब, पॉमेरेनियन यांचं "उन्हाळ्यासाठी टक्कल करा" अशी मागणी दर एप्रिलमध्ये येते. नकार द्या. यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, बाहेरचा थर ऊन थोपवतो, आणि मुळापासून काढल्यावर काहींना केस परत येतच नाहीत किंवा ठिगळांसारखे येतात. त्याऐवजी आतला गळणारा थर ड्रायरने आणि अंडरकोट रेकने (आतला थर काढायच्या दाताळ्या ब्रशने) मोकळा करा, पोटाखालचे केस कमी करा. हे समजावून सांगणं हाही ग्रूमरच्या कामाचाच भाग आहे.

नखांत पांढऱ्या नखाची गुलाबी शीर दिसते, काळ्याची दिसत नाही. काळं नख एक-दोन मिलिमीटरच्या चकत्यांनी कापा आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघा. आधी तो कोरडा, पांढुरका दिसतो. मध्यभागी काळसर ओला ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर स्टिप्टिक (रक्त थांबवणारी) पावडर, ती नसेल तर तुरटीची बारीक पूड, दाबून दोन मिनिटं धरा. मध्येच उचलून बघू नका.

आंघोळीला कोमट पाणी आणि कुत्र्यांचाच शाम्पू, कारण माणसाच्या कातडीपेक्षा त्यांची कातडी कमी आम्लधर्मी असते. घट्ट शाम्पू बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पातळ करा. औषधी शाम्पू दहा मिनिटं अंगावर राहिला तरच उपयोगी. लावून लगेच धुतला तर पैसे गेले. कानात कापसाचे बोळे घाला आणि शेवटी मोजून काढा. धुताना पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत धुवा, उरलेला शाम्पू खाज आणतो.

सुकवण्यात कंटाळा करू नका. पावसाळ्यात आतला थर ओला राहिला तर एका रात्रीत कातडीवर ओली, लाल, केस गळालेली जखम तयार होते. जोराच्या ड्रायरची सुरुवात कमी वेगाने, मागच्या मांडीपासून करा; तोंडाकडे झोत नको. पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडणारे ड्रायर पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना वापरूच नका. आणि टेबलावर गळ्यात अडकवलेला फास तसाच ठेवून एक पाऊलही दूर जाऊ नका. कुत्रं खाली उडी मारतं आणि लटकतं. फोन वाजला तर वाजू द्या.

बोर्डिंगची स्वच्छता

पार्वो हा उलट्या आणि रक्ताचे जुलाब घडवणारा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. त्याला चरबीचं बाह्य आवरण नसतं, त्यामुळे फरशीचे नेहमीचे सुगंधी द्रव त्याला मारत नाहीत. ब्लीच मारतं, पण नीट वापरलं तर. आधी शी-शू उचला, साबणाने फरशी घासून धुवा, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपून जातं आणि लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू सोडतं. मग घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, साधारण पाच टक्के) एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे लिटरला 30 ते 35 मिली, पसरवा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. मग धुवा, सुकवा, तोवर कुत्री दुसरीकडे. हे मिश्रण रोज ताजं करा. ॲसिडशी कधीच मिसळू नका. काळं फिनाइल मांजरांच्या आसपास अजिबात नको. त्यातले घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत.

गोचीड हा दुसरा प्रश्न. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, पिंजऱ्याच्या सांध्यांत अंडी घालते, म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध मारून जागा साफ होत नाही. भेगा सिमेंटने बुजवा. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचे कान, बोटांच्या मधल्या जागा आणि शेपटीखालचा भाग दारातच बघा. एर्लिकिया आणि बबेसिया, ज्यांना सगळे 'टिक फीवर' म्हणतात, ते या गोचिडीतून येतात.

आजारपण ओळखण्याचे आकडे

दर सकाळी प्रत्येक कुत्र्याची एक ओळ लिहा: खाल्लं किती, पाणी प्यायलं का, शी कशी, शू झाली का, उलटी, चाल. निरोगी कुत्र्याचं तापमान गुदद्वारात मोजल्यावर 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं; 99 ला "गारठलंय" आणि 102 ला "ताप आलाय" या दोन्ही समजुतींत 99 ची काळजी खरी आहे, 102 ची नाही. विश्रांतीत श्वास मिनिटाला 10 ते 30. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढरी, निळसर किंवा विटेसारखी लाल हिरडी म्हणजे थेट दवाखाना.

उष्माघातात कुत्रं लाळ गाळत जोरजोरात धापा टाकतं, मग झिंगतं, तापमान 105 च्या वर जातं. सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, आणि त्याच वेळी दवाखान्याला फोन करा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. 103 पर्यंत उतरलं की पाणी थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याने उलटीचा प्रयत्न करावा, काही बाहेर येऊ नये आणि पोट टणक फुगावं, तर पोटाला पीळ बसलेला असू शकतो. यात सकाळपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

कोर्स निवडताना

"किती आठवड्यांचा?" याआधी "माझ्या हातून किती कुत्री होणार?" हे विचारा. बारा विद्यार्थी आणि एकच कुत्रं टेबलावर, म्हणजे तुम्ही ग्रूमिंग बघितलं, शिकलात नाही. प्रत्यक्ष वर्गात एक दिवस बसायची परवानगी मागा. चावरं कुत्रं आलं तर शिकवणारा काय करतो ते बघा: पट्टा झटकून, दाबून, ओरडून काम उरकतो, की थांबतो, छोटे तुकडे पाडतो, मालकाला परत पाठवतो. फ्रेंचायझी घेण्याची अट, महागडी किट बळेच गळ्यात मारणं आणि "शंभर टक्के नोकरी" या तिन्ही गोष्टी दिसल्या तर उठून या.

ट्रेनर व्हायचं असेल तर सीपीडीटी-केए या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांत प्रशिक्षणाचे किमान तीनशे तास झालेले असावे लागतात. परीक्षा द्यायची नसली तरी तो आकडा स्वतःसाठी धरा. कोर्सनंतर वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काम करा, आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या प्राणी निवारा केंद्रात मदतीला जा. तिथे घाबरलेली, आजारी, माणसाळलेली नसलेली कुत्री भेटतात, जी कोर्सच्या टेबलावर येत नाहीत.

स्वतःचं दुकान टाकताना महाराष्ट्रात कामगार थोडेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी मोफत आहे. प्राणी विकायचे असतील तर मात्र 2018 च्या पेट शॉप नियमांखाली वेगळी नोंदणी लागते. सेवा आणि विक्री एका छपराखाली करू नका. बाहेरून आलेली पिल्लं पार्वो घेऊन येतात.

मालकांसाठी: सोपवण्याआधी

दिवाळी आणि मे महिन्याचं बोर्डिंग महिना-दीड महिना आधी ठरवा, म्हणजे नापसंत जागा नाकारायला वेळ उरतो. जागा सकाळी साफसफाईच्या वेळी बघायला जा. स्वागतकक्षाच्या पुढे नेत नसतील तर तिथेच विषय संपवा. आत गेल्यावर आधी वास घ्या: लघवीचा कुबट वास नको, आणि डोळे चुरचुरणारा औषधाचा वासही नको. मग विचारा: रात्री माणूस इथे झोपतो की बाहेरून कुलूप लागतं? कॅमेरा असून उपयोग नाही, आग लागली किंवा पोट फुगलं तर दार उघडणारा माणूस हवा. जेवण वेगवेगळं देता का? एका माणसामागे किती कुत्री मोकळी सोडता? दहाच्या वर आकडा गेला तर लक्ष राहत नाही. वीज गेली तर काय? जवळचा पशुवैद्यक कोण, आणि रात्री दोनला कुठे नेणार?

त्यांनी तुम्हाला काय विचारलं हेही बघा. लसीकरणाचं कार्ड उघडून स्टिकर आणि तारखा वाचल्या का? रेबीज आणि 'सेव्हन-इन-वन' किंवा 'नाइन-इन-वन'सारखी वार्षिक लस चालू असायला हवी, केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस जाण्याच्या किमान आठवडाभर आधी दिलेली हवी, गोचिडीचं औषध ताजं हवं. तुमचं कार्ड न बघता घेणारी जागा शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचंही कार्ड न बघता घेते.

आधी एक रात्र ठेवून बघा. जाताना रोजच्या मापाने पिशव्या भरून घरचंच खाणं द्या. अचानक खाणं बदललं की जुलाब होतात आणि मग आजार की बदल हे कळत नाही. एका कागदावर लिहा: औषधं आणि वेळा, कशाला घाबरतं, कुठे हात लावलेला आवडत नाही, तुमचा पशुवैद्यक, आणि तुमचा फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करायचे. चावण्याचा इतिहास असेल तर लपवू नका. कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका-बेदाणे आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन यांतलं काहीही द्यायचं नाही, हे दिवाळीत तर ठळक लिहून द्या.

मांजर असेल तर शक्यतो घरीच ठेवा आणि दिवसातून दोनदा येणारा माणूस शोधा. जागा बदलली की मांजर खाणं सोडतं, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते. बोका वारंवार बसतो पण शू होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनचं गोचीड-औषध मांजराला कधीही नाही, ते विष आहे.

घरी परत आणल्यावर पहिला दिवस कुत्रं खूप झोपतं, खूप पाणी पितं, ते चालतं. त्यानंतर दोन आठवडे लक्ष ठेवा. कोरडा, हंस ओरडल्यासारखा खोकला बहुधा पहिल्या काही दिवसांतच सुरू होतो. पार्वो तीन ते सात दिवसांत, कधी त्याहून उशिरा, उलट्या आणि रक्ताच्या जुलाबाने दिसतो. टिक फीवरला आणखी वेळ लागतो, एक ते तीन आठवडे: ताप, खाणं सोडणं, हिरड्या फिक्या, अंगावर जांभळे ठिपके. यातलं काही दिसलं तर पशुवैद्यकाला बोर्डिंगच्या तारखा सांगा, आणि बोर्डिंगवाल्यालाही त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्या आठवड्यात तिथे राहिलेल्या बाकीच्या कुत्र्यांच्या घरी त्याला फोन करता येतील.